कोयत्याची अक्कल

पाथर्डी-शेवगावकडे पोरगं अभ्यासाला कंटाळलं की एक ठरलेला धाक घातला जातो : शीक, नाहीतर हातात कोयता येईल. आईबाप घालतात, मास्तर घालतात, आणि उभं आयुष्य साखर कारखान्याच्या वाऱ्या करून पाठ मोडून घेतलेले आजोबा तर सगळ्यांत मोठ्यानं घालतात. या धाकाच्या पोटात एक हिशेब आहे. काही कामांना डोकं लागतं, काहींना नुसते हातपाय. डोक्याची कामं वर, हाताची खाली; आणि खालून वर जायचा जिना म्हणजे शाळा. आमच्या नगर जिल्ह्यात या हिशेबावर कधी वाद झालेला मी ऐकलेला नाही. कारखान्याच्या निवडणुकीत एकमेकांच्या सावलीलाही न उभे राहणारे पुढारी दहावीच्या गुणगौरव समारंभात मात्र हेच बोलतात.

गेल्या तीन-चार वर्षांत हा हिशेब यंत्रानं फिरवला. तहसीलला द्यायचा अर्ज, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, इंग्रजी पत्राचा मराठी तर्जुमा, बारावीच्या गणिताची उकल, वाढदिवसाची चारोळी, एवढंच काय, गुणगौरव समारंभातलं ते भाषणसुद्धा खिशातला फोन मिनिटभरात लिहून देतो. आणि उसाच्या फडात शिरून, वाकून, जमिनीला घासून ऊस तोडणारं, पाचट सोलणारं, वाढं नेमक्या कांडीवर छाटणारं, मोळी बांधून ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारं, असं सगळं एकहाती करणारं यंत्र अजून कुणाला बनवता आलेलं नाही. ज्याला आपण वरचं म्हणत होतो ते आधी गेलं. खालचं जागच्या जागी आहे.

ही समजूत एकट्या पाथर्डीच्या आजोबांची नव्हती. ज्यांनी बुद्धिमान यंत्रं घडवायला घेतली त्यांचीही तीच होती. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, क्लॉड शॅनन वगैरे मंडळी जमली आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयाचं बारसं झालं. ही सगळी गणिताची, तर्काची माणसं. त्यांना स्वतःला जे अवघड वाटे तेच त्यांच्या लेखी बुद्धीचं काम : प्रमेयं सिद्ध करणं, बुद्धिबळ खेळणं. ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांच्या प्रोग्रॅमनं रसेल-व्हाइटहेड यांच्या जाडजूड ग्रंथातल्या एका प्रकरणाची पहिली ५२ प्रमेयं घेतली आणि त्यांपैकी ३८ सिद्ध करून दाखवली. सायमननं लगोलग भविष्य वर्तवलं, दहा वर्षांत यंत्र बुद्धिबळाचं जगज्जेतेपद मिळवील. दहाची चाळीस झाली. १९९७ साली डीप ब्लू या यंत्रानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. उशिरा का होईना, झालं.

खरी फजिती दुसरीकडेच झाली. १९६६ साली एमआयटीत सेमूर पॅपर्टनं विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीतलं एक काम आखलं : यंत्राला बघायला शिकवायचं. चित्रात वस्तू कुठली आणि मागची जागा कुठली, हे त्यानं वेगळं करून सांगायचं. बघणं ते काय, शेळीलाही येतं! ती सुट्टी जवळजवळ पन्नास वर्षं लांबली. टोरांटोच्या जेफ्री हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमनं २०१२ साली चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना मैलभर मागे टाकलं, तेव्हा कुठे यंत्राचे डोळे उघडले म्हणायचे. त्यासाठीही आधी लाखो फोटो माणसांनी बघून त्यांना एकेक नाव देऊन ठेवावं लागलं होतं. ते काम करणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

मधल्या काळात, १९८८ साली, रोबो घडवणाऱ्या हान्स मोरावेकनं हे कोडं लिहून ठेवलं. मोठ्या माणसाची बुद्धीची परीक्षा पास होणं यंत्राला सोपं जातं. वर्षाच्या पोरासारखं बघणं, धरणं, चालणं त्याला जमता जमत नाही. त्यानं कारणही दिलं. तोल सांभाळणं, अंदाज घेऊन पाय टाकणं, हाताला लागलेली वस्तू ओळखणं हे प्राण्यांच्या अंगात कोट्यवधी वर्षं मुरलेलं आहे. तर्क, हिशेब, लिखाण हे कालपरवाचं. जे मुरलं ते इतकं खोल गेलं की आपल्याला दिसेनासं झालं. यात माझी एक भर : जे दिसत नाही त्याचे पैसेही कुणी देत नाही.

२०१६ साली सोलमध्ये अल्फागो नावाच्या प्रोग्रॅमनं गो या पटावरच्या खेळातल्या अव्वल खेळाडूला, ली सेडोलला, चार-एकनं हरवलं, ते जगानं पाहिलं. त्या चित्रणात ली सेडोलच्या समोर एक माणूस बसलेला दिसतो. आजा ह्वांग त्याचं नाव. पडद्यावर चाल उमटली की तो डब्यातून सोंगटी उचलून पटावर ठेवायचा. तो स्वतः त्या प्रोग्रॅमच्या मुख्य कर्त्यांपैकी एक, चांगला डॉक्टरेट मिळवलेला संशोधक. पण त्या पाच डावांत तो होता निव्वळ हात. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर यंत्र झालं मुकादम आणि विद्वान झाला कोयता.

कोयत्याचं इथे जरा सांगायला हवं, कारण शहरात हल्ली कोयता म्हटलं की टोळक्यांच्या मारामाऱ्या आठवतात. ऊसतोडीत कोयता हे माणसं मोजायचं माप आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा. मुकादम कारखान्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आणतो, ती कोयत्यागणिक वाटतो, आणि दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. बीडमधून निघतात, आमच्या पाथर्डी-शेवगावातून निघतात. प्रवरेच्या, गोदावरीच्या कालव्याखाली जातात, पुणे-सातारा-कोल्हापूरकडे जातात, कर्नाटकात जातात. एका जोडीनं दिवसाला दीड-दोन टन ऊस पाडायचा.

ज्या उसासाठी हे सगळं चालतं तो या जिल्ह्यात पाण्यामागून आला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला आणि १९५०-५१ मध्ये त्याचं पहिलं गाळप झालं. त्याला आता पाऊणशे वर्षं होत आली. या पाऊणशे वर्षांत कारखान्याच्या गेटच्या आत काय बदललं ते बघण्यासारखं आहे. वजनकाटा इलेक्ट्रॉनिक झाला, मिलपासून पॅनपर्यंत सगळं एका खोलीतल्या पडद्यांवर आलं, जिथे पन्नास माणसं लागायची तिथे पाच पुरतात. गेटच्या बाहेर मात्र कोयता आहे तसाच. गेटच्या आत वाफ, रस, दाब, तापमान सगळं आखून दिलेल्या नळ्यांतून वाहतं; यंत्राला नवल वाटावं असं तिथे काही घडत नाही. फडात दर पावलाला काहीतरी घडतं.

गेल्या हंगामात राहात्याकडच्या एका फडाच्या बांधावर हार्वेस्टर चालू असताना उभा होतो. अवाढव्य यंत्र. सरळ उभा ऊस असला की त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. पुढच्या तबकड्या बुडं कापतात, आत कांड्यांचे तुकडे होतात, पंखा पाचट उडवतो आणि शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत तुकड्यांचा पाऊस पडतो. पण त्याला सरी रुंद हवी, चार-पाच फुटांची. तीन फुटी जुनी लागण असली की चाकं खोडव्यावरून जातात. वळायला जागा हवी. वाटण्या होऊन शेतं झालीत पट्ट्याएवढी, मध्ये विहीर, कडेला लिंब, विजेचा खांब, पाट. त्या फडाच्या विहिरीकडच्या कोपऱ्यात परतीच्या पावसानं ऊस लोळला होता. ड्रायव्हरनं तोंड तिकडे वळवलं, दोनदा मागेपुढे केलं आणि मशीन काढून घेतलं. मालकानं फोन लावला. दुपारी चार-पाच कोयते आले.

त्यांतल्या एका बाईचं काम मी बराच वेळ बघत राहिलो. लोळलेला ऊस म्हणजे एकात एक अडकलेला गुंता. वरून कुठला शेंडा कुठल्या बुडाचा ते कळत नाही. ती डाव्या हातानं एक ऊस उचलायची, हलकासा झटका द्यायची, आणि त्या झटक्याच्या ओढीवरून बूड कुठे आहे ते तिच्या हाताला कळायचं. मग वाकून जमिनीलगत घाव. जमिनीलगतच, कारण साखर बुडाला जास्त आणि घाव वर बसला तर खोडवा नीट फुटत नाही. घाव जमिनीलगत पण दगडावर नाही. मातीत दडलेला दगड कोयत्याला लागायच्या आत तिचं मनगट वळलेलं असायचं. लगेच पाचट ओढून, ऊस हातातच फिरवून, शेंड्याकडे दुसरा घाव. तो कुठे घालायचा हे ती बघतही नव्हती. वाढं खाली छाटलं तर साखरेचं पेर जनावराच्या पोटात जातं, वर छाटलं तर कारखाना कुरकुरतो. मी विचारलं, "मावशी, नेमकं कुठं तोडायचं ते कसं कळतं?" ती हसली. "कळतंय की," म्हणाली, आणि पुढचा ऊस उचलला.

त्या "कळतंय की"मध्ये जे आहे ते यंत्रात उतरवायला जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळा गेली साठ वर्षं खपताहेत. लिहिणारं यंत्र चटकन झालं, कारण माणसानं लिहिलेलं सगळं आयतं साठवलेलं होतं. ते गोळा करून त्यातला पुढचा शब्द ओळखायची तालीम यंत्राला देता आली. २०१७ साली त्यासाठी ट्रान्सफॉर्मर नावाची चांगली रचना सापडली, २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं आणि पुढचं सर्वांना माहीत आहे. मावशींच्या मनगटाची तशी साठवण कुठेच नाही. ते कुणी लिहिलं नाही, कारण लिहिणाऱ्यांना ते लिहिण्याजोगं वाटलं नाही आणि करणाऱ्यांना लिहायला सवड नव्हती.

कुणी म्हणेल, ऑस्ट्रेलियात तर १९७० च्या दशकातच सगळा ऊस यंत्रानं निघू लागला. खरं आहे. पण तिथे यंत्र शहाणं झालं नव्हतं. शेत सरळ होतं. मैलभर लांब, सपाट, रुंद सऱ्यांची रानं. गेल्या शतकभरात यंत्रांनी जी मजल मारली तिच्यातला मोठा भाग असाच आहे. यंत्राला जगाची समज आली नाही. जग यंत्राला झेपेल असं करून घेतलं. आपल्याकडेही तेच चाललंय. हार्वेस्टरला राज्य सरकार किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये अनुदान देऊ लागलं आणि कारखान्यांचे शेतकी अधिकारी शेतकऱ्याला सांगू लागले, सरी पाच फुटांची ठेवा. शेतकरी ठेवतोही आहे. मजूर मिळेना तर करणार काय?

इथे एक गैरसमज होऊ देता कामा नये. कोयत्यात कसब आहे म्हणून कोयता राहावा, असं मी म्हटलं तर मला पाथर्डीत कुणी चहाही पाजणार नाही. पहाटेच्या थंडीत ओल्या पाचटात उभं राहणं, पाचटाच्या कोपीत सहा महिने संसार, पोरांच्या शाळेची दरवर्षी अर्ध्यावर होणारी तोडातोड, साप, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही तोच मुकादम. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचा विषय २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला. मजुरी बुडू नये हे त्यामागचं एक कारण होतं. हे काम यंत्रानं न्यावं आणि आनंदानं न्यावं. गंमत ही की बुद्धिमान यंत्रं आली, तीही वाजतगाजत, आणि जे काम हसत देऊन टाकलं असतं ते सोडून भलतंच घेऊन बसली.

यंत्रानं डोक्याचं काम नेण्याचीही ही पहिली वेळ नाही. १९६२ साली मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या गणकयंत्राचं 'टिफ्रॅक' असं नामकरण पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. अशी यंत्रं येण्याआधी कॉम्प्युटर हे हुद्द्याचं नाव होतं, आकडेमोड करणाऱ्या माणसाचं. आकडेमोड हे तोवर हुशारीचं लक्षण होतं. यंत्राला ती येऊ लागल्यावर आपण म्हणू लागलो, छे, ती काय अक्कल? मग बुद्धिबळ म्हणजे अक्कल ठरलं. तेही गेल्यावर भाषा. आता भाषा गेली तर पुन्हा काहीतरी वरचं शोधणं चालू आहे : प्रतिभा, संवेदना, मूल्यं. दर वेळी नजर वरच जाते. खाली फडाकडे जात नाही.

पाथर्डीला, शेवगावला, खुद्द नगरला, आता गल्लीगल्लीत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका झाल्या आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बेसमेंटमध्ये लाकडी खणांच्या रांगा, प्रत्येक खणात एक दिवा आणि एक पोरगा किंवा पोरगी. चालू घडामोडींची मासिकं, भिंतीवर राज्यघटनेची कलमं चिकटवलेली. यांतल्या अनेकांचे आईबाप याच घडीला कुठल्यातरी कारखान्यावर आहेत. उचलीतूनच खणाचं भाडं निघतं. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून जास्त अर्ज आले होते. तलाठ्याचं काम काय? नोंदी, उतारे, पंचनामे, अर्जांना उत्तरं. या कामाचा केवढातरी भाग खिशातला तो फोन आजच करू शकतो. सरकारी जागा एका रात्रीत जाणार नाहीत, सरकारला घाई कधीच नसते. पण पुण्यातल्या कंपन्यांत पत्रं लिहिणारी, हिशेब तपासणारी, प्रोग्रॅमिंगची पहिली पायरी चढणारी जी नोकरी या पोरांची दुसरी आशा होती, ती तिथे आधी आटणार. आजोबांचा धाक खोटा नव्हता. तीन पिढ्या घालवून जिन्याच्या टोकाशी कसेबसे पोचलो, आणि वरचा मजलाच दुसऱ्याला भाड्यानं गेला, असं या पोरांचं होऊ घातलं आहे. याची चर्चा अभ्यासिकेत मला ऐकू आली नाही. तिथे बोलायला बंदी असते.

पुढे काय? मला भविष्य कळत नाही आणि सायमनची दहा वर्षं आठवली की सांगायची उमेदही राहत नाही. पण काय चालू आहे ते दिसतं. यंत्राला डोळे आले आहेत, हे मात्र नक्की. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसात राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला, तेव्हा रात्रीच्या कॅमेऱ्यात आलेल्या ठिपक्यांच्या नक्षीवरून कोणता बिबट्या कोणता ते ओळखलं जाई. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत सापडलेल्या आणि माळशेजला सोडल्यावर मुंबईपर्यंत चालत गेलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्याच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे २००९ साली आपण थक्क झालो होतो. आज ठिपके जुळवायचं काम प्रोग्रॅम करतात, आणि शेजारी जुन्नरकडे तर बिबट्या दिसला की आपोआप भोंगा वाजवणारे कॅमेरे बसवले गेले आहेत. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं उपग्रहाची चित्रं आणि जमिनीतले सेन्सर जोडून उसाला पाणी-खत कधी द्यायचं ते फोनवर सांगायला सुरुवात केली. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी त्याचं कौतुक जगासमोर केलं. सगळं चांगलंच आहे. फक्त फडाच्या आत, जिथे हातभर पुढचं दिसत नाही, तिथे बिबट्याची पिल्लं पहिल्यांदा आजही कोयत्यालाच दिसतात.

विनाचालक मोटारीचंही तसंच. ती अमेरिकेतल्या काही शहरांत प्रवासी घेऊन धावते आहे. तिची खरी परीक्षा मात्र जानेवारीत रात्री नगर-मनमाड रस्त्यावर घ्यावी : पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, बाजूनं चार हात बाहेर आलेला ऊस, आतून गाण्याचा दणदणाट, आणि खड्डा चुकवायला समोरचा आपल्या बाजूला आलेला.

आता राहिला हात. रोबो बनवणाऱ्या कंपन्यांना आपल्याकडे काय कमी आहे ते उमगलेलं आहे. लिखाणाचा साठा संपत आला, हातांचा साठा कुणाकडे नाही. म्हणून माणसांच्या हातांची चित्रणं गोळा करणं सुरू झालं आहे : घड्या घालणारे हात, भांडी लावणारे हात, स्क्रू पिळणारे हात; कपाळाला कॅमेरा, मनगटाला सेन्सर. ही वाट उसाच्या फडापर्यंत केव्हा येईल सांगता येत नाही, पण येणार तर याच दिशेनं. आणि आलीच, तर राहात्याच्या त्या मावशींचं "कळतंय की" प्रथमच कुणीतरी विकत घ्यायला येईल.

तेव्हा भाव कोण ठरवणार? कोयत्याची दरवाढ सहसा संपाशिवाय मिळत नाही. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाली, ती करार, बैठका, कोयता बंद असं सगळं करून. आणि तेव्हाही दर ठरला तो टनावर, म्हणजे पाडलेल्या उसाच्या वजनावर. कसबाचं वजन त्या काट्यावर येत नाही. कॅमेरा लावणारी कंपनी दर कशावर धरणार, तासावर की घावावर, की एकदाच पैसे देऊन मनगट कायमचं तिच्या नावावर? ज्यांच्या लिखाणावर बोलणारी यंत्रं पोसली गेली ते लेखक आज परदेशातल्या कोर्टांत भांडताहेत, तेही लिखाण वापरून झाल्यावर. लेखकांना उचल कुणी दिली नव्हती. ऊसतोडीत निदान एवढी रीत आहे की पैसे आधी, कोयता मागून. आणि कपाळाला कॅमेरा बांधायच्या आधी मुकादम, त्याच्यात दुसरे शंभर दोष असले तरी, पहिला प्रश्न उचलीचाच विचारील.